घरच्या राउटरवर कंटेनरमधला ब्रोकर : एका लोकप्रिय पद्धतीची चिकित्सा

या टिपणात एमक्यूटीटी नव्याने शिकवलेले नाही. पब्लिश, सबस्क्राइब, टॉपिक आणि क्यूओएस या संकल्पना तुम्हाला माहीत आहेत असे धरून आपण एका पद्धतीची चिकित्सा करणार आहोत. घरातल्या सेन्सरांसाठी लागणारा संदेश-ब्रोकर वेगळ्या संगणकावर न ठेवता थेट राउटरवर, आणि तोही कंटेनरमध्ये, चालवायचा अशी ही पद्धत आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत तिच्या समर्थनार्थ एक वाक्य ठरलेले असते : जास्तीचे यंत्र नको, विजेचा जास्तीचा खर्च नको. वाक्य खरे आहे. पण त्या बदल्यात आपण काय देतो, आणि ‘कंटेनर’ हा शब्द उच्चारताच मनात येणारी सुरक्षिततेची भावना येथे कितपत खरी ठरते, हे त्या अहवालांत सहसा तपासलेले नसते. ते आपण येथे तपासू.

पद्धतीची बलस्थाने

आधी पद्धतीला तिचे श्रेय देऊ. घरातले चोवीस तास चालू असणारे यंत्र बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे राउटर. वीज वारंवार जाणाऱ्या भागात लोक राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडतात. म्हणजे अंधारातही जिवंत राहणारे यंत्र पुन्हा तेच. बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी घरातले जाळे चालू राहते, त्यामुळे ब्रोकर राउटरवर असला तर दिवा आणि स्विच यांचा संवाद दूरच्या सर्व्हरवाचून होऊ शकतो. हे मुद्दे हलके नाहीत.

येथे ‘राउटर’ म्हणजे फायबर-जोडणीबरोबर सेवादाता बसवून जातो तो डबा नव्हे. त्यात तुम्हाला काहीच बसवता येत नाही. त्याच्या मागे तुम्ही स्वतः विकत घेऊन लावलेला राउटर आपल्या चर्चेचा विषय आहे. अशा राउटरांचे दोन प्रकार विद्यार्थ्यांच्या हाती येतात. एक, ओपनडब्ल्यूआरटी चालवणारे. यात मॉस्किटो हा ब्रोकर तयार पॅकेज म्हणून मिळतो, त्यासाठी कंटेनरची गरज नसते. दुसरे, लाटव्हियातील मायक्रोटिक कंपनीचे. त्यांच्या राउटरओएस या प्रणालीत बाहेरचा प्रोग्राम थेट बसवता येत नाही, पण २०२२ साली आलेल्या ७.४ या आवृत्तीपासून एआरएम आणि एक्स८६ प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर कंटेनर चालवता येतात. ही सोय मुळात बंद असते. ती चालू करायला राउटरजवळ जाऊन बटण दाबावे लागते किंवा त्याची वीज काढून पुन्हा द्यावी लागते. दूर बसलेल्या चोराला ती परस्पर चालू करता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. उत्पादकाने घातलेला हा अडसर विद्यार्थ्यांना नुसता त्रास वाटतो. खरे तर ती या विषयावरची सर्वात प्रामाणिक टिप्पणी आहे.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

एमक्यूटीटी १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी आखला. तेलवाहिन्यांवर दूरदूर पसरलेल्या उपकरणांची माहिती उपग्रहामार्फत गोळा करायची होती, आणि उपग्रहावरचा प्रत्येक बाइट महाग होता. म्हणून संदेशाचे ठरावीक शीर्ष कमीत कमी दोन बाइटांत बसवले गेले. सगळेजण हीच गोष्ट सांगतात आणि यावरून ‘एमक्यूटीटी हलका आहे’ असा निष्कर्ष काढतात. निष्कर्ष अर्धाच आहे. हलका आहे तो क्लायंट. त्याला हलके ठेवण्यासाठी लक्षात ठेवण्याचे जवळजवळ सगळे काम ब्रोकरकडे सोपवलेले आहे. प्रत्येक टॉपिकवरचा शेवटचा ‘रिटेन्ड’ संदेश कोणी जपायचा? ब्रोकरने. झोपलेल्या क्लायंटसाठी रांग कोणी लावायची? ब्रोकरने. कोणाचा संपर्क अचानक तुटला हे ओळखून त्याचे ‘लास्ट विल’, म्हणजे अंतिम निवेदन, इतरांना कोणी कळवायचे? तेही ब्रोकरनेच.

दुबळे क्लायंट आणि खंबीर ब्रोकर हे या प्रोटोकॉलचे गृहीतक आहे. राउटरवर ब्रोकर ठेवताना आपण ते उलटे करतो. ब्रोकर घरातल्या सर्वात अरुंद यंत्रावर बसतो, आणि त्याच्याशी बोलणारे मोबाइल व लॅपटॉप त्याच्यापेक्षा कितीतरी सशक्त असतात. हे करूच नये असे नाही; पण गृहीतक उलटले आहे याची जाणीव ठेवून प्रत्येक निर्णय पुन्हा तपासावा लागतो. कंटेनर नेमका ही जाणीव बोथट करतो. कारण कंटेनरमधला मॉस्किटो सर्व्हरवर आणि राउटरवर अगदी सारखाच दिसतो.

कंटेनर काय वेगळे करतो आणि काय नाही

डॉकर २०१३ साली लोकांसमोर आला तेव्हा त्याने सोडवलेला प्रश्न विकसकांच्या रोजच्या तक्रारीतला होता : माझ्या संगणकावर चालते, तुमच्यावर का चालत नाही? प्रोग्राम, त्याच्या लायब्ररी आणि मांडणी एका इमेजमध्ये बांधून दिली की हा वाद मिटतो. शेकडो लायब्ररींवर उभ्या असलेल्या पायथनच्या किंवा जावास्क्रिप्टच्या प्रकल्पासाठी हे वरदान आहे. मॉस्किटो मात्र सी भाषेत लिहिलेला, मोजक्या लायब्ररींवर चालणारा लहानसा प्रोग्राम आहे. त्याला बांधून देण्यात वाचणारे श्रम थोडे. त्याची अधिकृत इमेज अल्पाइन लिनक्सवर बेतलेली आहे. अल्पाइनची सी लायब्ररी म्हणजे मसल, आणि ओपनडब्ल्यूआरटीसुद्धा तीच वापरतो. म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीवर डॉकर बसवून त्यात मॉस्किटो चालवणारा विद्यार्थी जे पॅकेज दारात उभे आहे तेच खिडकीतून आत घेतो, आणि त्यासाठी डॉकरचा सगळा पसारा राउटरच्या फ्लॅशवर मांडतो.

लिनक्स कंटेनर म्हणजे कर्नलने दिलेली वेगळेपणाची काही साधने. फाइल-प्रणाली, प्रक्रियांची यादी, नेटवर्क, वापरकर्ते यांची नेमस्पेस वेगळी करता येते. सीग्रुपने मेमरी व प्रोसेसरची मर्यादा घालता येते. मात्र कर्नल एकच राहतो, वीज एकच राहते आणि भिंतीवरचे घड्याळही एकच राहते. लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत वेळेची नेमस्पेस आली खरी, पण ती यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ मोजणाऱ्या घड्याळांपुरती आहे. तारीख-वेळ सांगणारे घड्याळ सर्वांना सामाईकच असते. ही तीन सामाईक साधने लक्षात ठेवा. राउटरवरच्या ब्रोकरची खरी दुखणी त्यांच्याशीच जोडलेली आहेत.

सुरक्षित मांडणी दोष वाटते तेव्हा

डिसेंबर २०२० मध्ये मॉस्किटोची २.० ही आवृत्ती आली आणि तिने मूळ वर्तन बदलले. मांडणीत काहीच लिहिले नसेल तर ब्रोकर फक्त त्याच यंत्रावरून, म्हणजे लोकलहोस्टवरून, येणाऱ्या जोडण्या घेतो. लिसनर लिहून दिला तर नाव-परवलीशिवाय कोणाला आत घेत नाही. हा शहाणपणाचा बदल होता. इमेज ओढताना आवृत्ती न लिहिता ‘लेटेस्ट’ लिहिणाऱ्यांचे ब्रोकर मात्र त्या वेळी एकाएकी मुके झाले. आवृत्ती नेमकी लिहावी, हा धडा यातून घ्यावाच.

आता कंटेनरमध्ये काय होते पाहा. कंटेनरला स्वतःचे नेटवर्क असल्यामुळे त्याचा लोकलहोस्टही स्वतःचाच असतो. राउटरवर थेट बसवलेला ब्रोकर लोकलहोस्टपुरता मर्यादित असला तरी राउटरवरच्या एखाद्या स्क्रिप्टला तो उपयोगी पडतो. कंटेनरमधला लोकलहोस्टपुरता ब्रोकर कोणाच्याच उपयोगाचा नाही. विद्यार्थी इमेज ओढतो, चालवतो, जोडणी नाकारली जाते. मग तो उत्तर शोधतो, आणि त्याला दोन ओळी सापडतात : १८८३ पोर्टवर लिसनर, आणि अनामिकांना परवानगी. ओळी टाकताच सगळे चालू होते. सुरक्षित मांडणी येथे बिघाडासारखी दिसली आणि तिचा ‘उपचार’ म्हणून दार सताड उघडले गेले.

पुढची पायरी याहून धोक्याची आहे. मायक्रोटिकवर कंटेनरला ‘व्हीईथ’ नावाचा आभासी इंटरफेस देतात, उदाहरणार्थ १७२.१७.०.२ या पत्त्याचा. घरातली उपकरणे १९२.१६८.८८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर असतात. मग ‘उपकरणांना ब्रोकर कसा सापडणार’ या चिंतेपोटी डेस्टिनेशन नॅटचा नियम लिहिला जातो : १८८३ पोर्टवर जे येईल ते कंटेनरकडे वळव. या नियमात मूळ गंतव्य पत्ता लिहिला नाही, तर दोन गोष्टी होतात. एक, घरातून बाहेरच्या कुठल्याही ब्रोकरकडे १८८३ वर जाणारी वाहतूक वाटेतच अडवून तुमच्या ब्रोकरकडे वळते, आणि विद्यार्थी दोन दिवस बाहेरच्या सेवेला दोष देत बसतो. दोन, इंटरनेटच्या बाजूने १८८३ वर येणारी वाहतूकही कंटेनरकडे जाते. राउटरच्या मूळ फायरवॉलमध्ये बाहेरून येणारे सारे टाकून देणारा नियम असतो, पण त्याला अपवाद नेमका नॅटने वळवलेल्या वाहतुकीचा असतो. तुम्ही लिहिलेल्या एका ओळीने तो अपवाद जागा केला.

गंमत अशी, की घरातल्या वापरासाठी या नियमाची गरजच नसते. घरातल्या प्रत्येक उपकरणाचा गेटवे राउटरच आहे आणि राउटरला १७२.१७.०.२ कुठे आहे हे माहीत आहे. उपकरणात थेट तो पत्ता लिहिला की काम झाले.

यातली आणखी एक अडचण भारतात विशेष जाणवते. अनेक सेवादाते एका सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे खूप ग्राहकांना बसवतात. अशा जोडणीत बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत कोणी पोहोचतच नाही, त्यामुळे वरची चूक झाकलेली राहते. पुढे कॅमेऱ्यासाठी किंवा कार्यालयीन कामासाठी कोणी स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घेतो, आणि दोन वर्षांपूर्वीचा नियम त्या दिवशी जिवंत होतो. हा धोका पुस्तकी नाही. अव्हास्ट या सुरक्षा-कंपनीने २०१८ साली पाहिले तेव्हा चुकीच्या मांडणीमुळे ४९ हजारांहून अधिक एमक्यूटीटी सर्व्हर इंटरनेटवर उघडे दिसत होते, आणि त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक बिनपरवलीचे होते.

पाण्याची टाकी आणि शिळा संदेश

आता या चिकित्सेतला सर्वात महत्त्वाचा मुद्दा. एक ठरावीक प्रकल्प घ्या : गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, खाली पंप चालू-बंद करणारा नियंत्रक, मधे ब्रोकर. सेन्सर बॅटरीवर असल्याने दर पंधरा मिनिटांनी जागा होतो, पातळी रिटेन्ड संदेश म्हणून पाठवतो आणि झोपतो. नियंत्रक पातळी पाहून पंप चालवतो.

मॉस्किटो आपले सारे काम मेमरीत करतो. संदेश डिस्कवर जपायचे असतील तर ‘पर्सिस्टन्स’ चालू करावा लागतो. मुळात तो बंद असतो. मार्गदर्शिका सांगतात : पर्सिस्टन्स चालू करा, कंटेनरबाहेरची डिरेक्टरी माउंट करा, म्हणजे वीज गेली तरी माहिती सुरक्षित. पण पर्सिस्टन्स म्हणजे दर क्षणी लिहिणे नव्हे. मेमरीतला साठा मूळ मांडणीत दर १८०० सेकंदांनी, आणि ब्रोकर रीतसर बंद होताना, फाइलमध्ये उतरतो. वीज जाते तेव्हा ब्रोकर रीतसर बंद होत नाही. त्याला कोणी ‘आवर आता’ असे सांगत नाही.

समजा १० वाजता पातळी ४० टक्के होती आणि त्याच वेळी साठा फाइलमध्ये उतरला. पंप चालू झाला. १० वाजून २५ मिनिटांनी टाकी भरली, १०० टक्क्यांचा संदेश आला, पंप थांबला. १० वाजून २७ मिनिटांनी वीज गेली. ११ ला आली. राउटर उठला, कंटेनर उठला, ब्रोकरने फाइल वाचली. फाइलमध्ये ४० आहे. नियंत्रकाने सबस्क्राइब केले आणि त्याला लगेच ४० मिळाले. भरलेल्या टाकीत पंप सुरू झाला. सेन्सर पुन्हा जागा होईपर्यंत पाणी गच्चीवरून वाहत राहणार, आणि सेन्सरची बॅटरी त्याच काळात संपली असेल तर कोणी पाहीपर्यंत.

यात काहीही ‘बिघडलेले’ नाही हे नीट समजून घ्या. प्रत्येक घटकाने आपले काम चोख केले. पर्सिस्टन्स बंद असता तर नियंत्रकाला काहीच मिळाले नसते आणि तो थांबून राहिला असता. म्हणजे मार्गदर्शिकेने सुरक्षिततेसाठी सुचवलेली मांडणीच येथे नुकसान करते. माहिती हरवण्यापेक्षा शिळी माहिती ताजी म्हणून परत येणे वाईट. लास्ट विलही येथे कामास येत नाही, कारण ते कळवणारा ब्रोकरच गेलेला होता.

‘मग दर बदलाला लिहू’ हे उत्तर लगेच सुचते, आणि मॉस्किटोत तशी सोय आहे. पण दहा सेन्सर दर दहा सेकंदांनी रिटेन्ड संदेश पाठवू लागले तर दिवसाला ८६,४०० संदेश होतात. प्रत्येक जतनाला संपूर्ण फाइल नव्याने लिहिली जाते. मूळ मांडणीतली दिवसाची ४८ जतने फ्लॅशला सहज पेलतात; त्यांची भीती घालणारे लेख उगाच घाबरवतात. ८६,४०० जतनांचे गणित मात्र वेगळे आहे. राउटरची आतली फ्लॅश खराब झाली तर ब्रोकरच नव्हे, घराचे नेटवर्क जाते. बाहेरून यूएसबी ड्राइव्ह जोडणे हा मार्ग बरा. स्वस्त पेनड्राइव्हचे आयुष्यही मोजकेच असते, पण निदान तो बदलता येतो.

खरे उत्तर क्लायंटमध्ये आहे. एमक्यूटीटीमध्ये प्रत्येक संदेशाबरोबर ‘रिटेन’ची खूण येते. नव्याने सबस्क्राइब केल्यामुळे मिळालेल्या जुन्या संदेशावर ती १ असते. आधीपासून जोडलेल्या सबस्क्रायबरला ताजा संदेश मिळतो तेव्हा सामान्यतः ० असते. नियंत्रकाने हा एक बिट वाचला आणि ‘१ असेल तर पडद्यावर दाखव, पण पंप चालवू नकोस’ असा नियम पाळला, तर वरचा प्रसंग घडत नाही. एमक्यूटीटीच्या ५.० आवृत्तीत, जी २०१९ साली ओएसिसचे मानक झाली, सबस्क्राइब करतानाच ‘रिटेन्ड संदेश पाठवू नका’ असे सांगता येते. आणि टाकीत एक साधा फ्लोट स्विच बसवून तो पंपाच्या वीजवाटेत जोडलात, तर ब्रोकर काहीही म्हणो, भरलेल्या टाकीत पंप चालणार नाही. प्रकल्पाचे गुण सॉफ्टवेअरला मिळतात म्हणून हा स्विच वगळू नका.

५.० मधली संदेशाची मुदत, म्हणजे ‘इतक्या सेकंदांनंतर हा संदेश टाकून दे’ अशी सूचना, हे आणखी एक उत्तर वाटते. ते पूर्ण भरवशाचे नाही, आणि कारण पुन्हा राउटरच आहे. घरगुती राउटरांत सहसा बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. ओपनडब्ल्यूआरटी सुरू होताना मांडणीच्या डिरेक्टरीतल्या सर्वात नव्या फाइलची वेळ ही ‘आत्ताची’ वेळ मानतो आणि नंतर इंटरनेटवरून खरी वेळ घेतो. वीज गेल्यावर फायबरचा डबाही सावकाश उठतो. त्या मधल्या काळात ब्रोकरला किती वेळ लोटला हे सांगणार कोण? कंटेनरकडे वेगळे घड्याळ नाही हे आपण वर पाहिले. याच काळात क्लायंटची प्रमाणपत्रे तपासणारा ब्रोकर नव्याने दिलेल्या प्रमाणपत्राला ‘अजून लागू झालेले नाही’ म्हणून नाकारू शकतो, आणि पाच मिनिटांनी सगळे आपोआप सुरळीत होते. असा दोष प्रयोगशाळेत कधीच सापडत नाही, कारण तेथे कोणी वीज काढत नाही.

मेमरी

याबद्दल थोडक्यात. रिकामा मॉस्किटो काही एमबींत मावतो, म्हणून तो राउटरला पेलतो असे म्हणतात. तो पेलवत नाही तेव्हा कारण रांग असते. मूळ मांडणीत तो अनुपस्थित, पण सत्र जपून ठेवलेल्या प्रत्येक क्लायंटसाठी एक हजार संदेशांपर्यंत रांग ठेवतो, आणि अशी सत्रे आपोआप कालबाह्य होत नाहीत. दारावरच्या कॅमेऱ्याचे ५० केबीचे फोटो क्यूओएस १ ने येत असतील आणि कोणी एकदा वापरलेले मोबाइल ॲप पुन्हा उघडलेच नसेल, तर त्या एका विसरलेल्या ॲपसाठी सुमारे ५० एमबी मेमरी अडकते. मायक्रोटिकच्या एचएपी एसी२ या लोकप्रिय राउटरची रॅम १२८ एमबी आहे आणि फ्लॅश १६ एमबी. कर्नल सामाईक असल्याने मेमरी संपली की अडचण कंटेनरपुरती राहीलच असे नाही. रांगेची लांबी, पॅकेटचा आकार, सत्राची मुदत आणि एकूण मेमरी या चारही मर्यादा मॉस्किटोत लिहिता येतात. मुळात त्या एकतर सैल असतात किंवा नसतातच, कारण मूळ मांडणी खंबीर ब्रोकर डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे.

कंटेनरचा खरा फायदा

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, मग कंटेनर टाळावाच. माझे मत तसे नाही. कंटेनरचा एक फायदा खरा आहे, फक्त तो अहवालात लिहिला जातो तो नव्हे.

मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलोस गटाने व्हीपीएनफिल्टर हे राउटरांना लागणारे मालवेअर उघडकीस आणले. किमान ५४ देशांतली किमान पाच लाख यंत्रे बाधित होती. त्यांत लिंकसिस, मायक्रोटिक, नेटगिअर आणि टीपी-लिंक यांचे राउटर होते. त्याचा कंटेनरशी संबंध नव्हता. पण हल्लेखोराला राउटर का हवा असतो हे त्यातून कळते : त्यातल्या फाइलींसाठी नव्हे, तर तेथून जाणारी वाहतूक पाहण्यासाठी आणि पुढच्या यंत्रांपर्यंत पोहोचण्यासाठी. म्हणून ‘कंटेनरमधला प्रोग्राम फुटला तरी राउटरच्या फाइली सुरक्षित’ हे उत्तर अपुरे आहे. त्याला बाहेर पडण्याची वाट आहे का, हा खरा प्रश्न.

आणि येथे कंटेनर उपयोगी पडतो. राउटरवर थेट चालणाऱ्या ब्रोकरची वाहतूक राउटरच्या स्वतःच्या वाहतुकीत मिसळलेली असते. तिला वेगळे काढून बांधणे किचकट. कंटेनरला मात्र स्वतःचा इंटरफेस आणि स्वतःचा पत्ता असतो. ब्रोकर स्वतः कोणाकडे जात नाही, त्याच्याकडे लोक येतात. तेव्हा फायरवॉलमध्ये ‘या पत्त्यावरून सुरू होणारी कोणतीही नवी जोडणी टाकून द्या, आलेल्या जोडण्यांची उत्तरे तेवढी जाऊ द्या’ असे लिहिले की फुटलेला ब्रोकरही त्या पत्त्यावर अडकून पडतो. हा नियम राउटरच्या स्वतःच्या दिशेने जाणाऱ्या वाहतुकीलाही लावायला विसरू नका.

प्रत्यक्षात उलटे होते. कंटेनरच्या जाळ्याला मास्करेडचा नियम लावून इंटरनेटकडे जाण्याची मोकळी वाट दिली जाते. ती कशासाठी? इमेज ओढण्याचे काम राउटरओएस स्वतः करते, कंटेनर करत नाही. बाहेरच्या ब्रोकरशी पूल बांधायचा नसेल तर मॉस्किटोला इंटरनेट लागतच नाही. जिच्यासाठी कंटेनर घ्यावा ती एकमेव गोष्ट, म्हणजे वेगळा पत्ता, हाती येते आणि सवयीने लिहिलेल्या एका ओळीत वाया जाते.

म्हणून माझा निवाडा असा. ओपनडब्ल्यूआरटी असेल तर तयार पॅकेज घ्या, डॉकर नको. त्या मार्गात एक उणीव आहे : प्रणालीची नवी आवृत्ती चढवताना नंतर बसवलेली पॅकेजेस सहसा पुसली जातात, ती पुन्हा बसवावी लागतात. राउटरओएस असेल, रॅम भरपूर असेल आणि यूएसबी असेल, जसे एचएपी एएक्स३ मध्ये १ जीबी रॅमसह आहे, तर कंटेनर योग्य आहे, पण वरच्या फायरवॉलसह. १६ एमबी फ्लॅशच्या राउटरवर हा प्रयोग करू नये. आणि घरात बंद पडीक लॅपटॉप असेल, ज्याची बॅटरी अजून अर्धा तास तग धरते, तर ब्रोकरसाठी तो यापैकी कोणत्याही राउटरपेक्षा बरा : त्याला घड्याळ आहे, डिस्क आहे आणि वीज गेल्यावर रीतसर बंद व्हायला वेळही आहे. वीजबिल थोडे वाढेल, हे अहवालात लिहा.

स्वाध्याय

१. तुमच्या ब्रोकरवर एका टॉपिकला रिटेन्ड संदेश पाठवा. साठा फाइलमध्ये उतरू द्या. मग त्याच टॉपिकवर नवा संदेश पाठवा आणि पाच मिनिटांत राउटरची वीज थेट काढा. पुन्हा सुरू झाल्यावर नव्या सबस्क्रायबरला कोणता संदेश मिळतो आणि त्यावर रिटेनची खूण काय आहे, याची नोंद करा.

२. हाच प्रयोग फायबरची जोडणी काढून करा. राउटर सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटाला त्याच्या घड्याळात कोणती तारीख दिसते?

३. कंटेनरच्या आतून घरातल्या एखाद्या संगणकाला आणि बाहेरच्या एखाद्या पत्त्याला जोडणी करून पाहा. जी जोडणी यशस्वी होईल, तिची ब्रोकरला गरज का आहे ते एका वाक्यात लिहा. वाक्य लिहिता आले नाही तर ती फायरवॉलमध्ये बंद करा आणि पहिला प्रयोग पुन्हा करून ब्रोकर नीट चालतो का ते तपासा.